समजा, पाणी येतंय

आमच्या प्लंबिंगच्या वर्गात सगळं होतं. भिंतीवर पाइप, बेसिन, चकचकीत नळ, एक पांढराशुभ्र कमोडसुद्धा. फक्त पाणी नव्हतं. संस्थेला नळजोडणीच मिळाली नव्हती. त्यामुळे आमचे सर नळ बसवून झाला की म्हणायचे, "समजा, आता पाणी येतंय." आम्ही मुली समजायचो. अख्ख्या कोर्सात एक थेंब गळला नाही. मी तर पहिली आले.

आईला मात्र याचं काडीचं कौतुक नव्हतं. आम्ही कात्रजला राहतो आणि आई घरोघरी धुणीभांडी करते. "वस्तीतल्या नळावर भांडायला कोर्स कशाला लागतो?" म्हणाली. ती जिथे काम करते तिथल्या एका ताईंना तिने परस्पर शब्दही देऊन टाकला होता, की पुढच्या महिन्यापासून माझी मुलगी भांड्यांना येईल. तेवढ्यात एका कंत्राटदाराने मला ठेवून घेतलं, पण बजावून. "एक जरी तक्रार आली तरी घरी बसायचं." घरी कुठलं, मी थेट ताईंच्या मोरीत बसणार होते.

पहिलंच काम नारायण पेठेत निघालं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. दार एका आजोबांनी उघडलं आणि माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं.

"प्लंबर मागून येतायत का?"

"मीच आहे."

"वा! याआधी आपण कुठे कुठे दिवे लावलेत?"

"मी बसवलेला एकही नळ आजवर गळला नाही, आजोबा." यात खोटं काही नव्हतं.

आजोबा पेपर घेऊन माझ्यावर पहारा द्यायला तिथेच स्टुलावर बसले. मी ऐटीत पाना लावला. नळ काढण्याआधी मेन कॉक बंद करायचा हे सरांनी शंभरदा सांगितलं होतं, पण बंद करायला पाणी होतं कुठे? हाताला सवयच नव्हती. नळ सुटून हातात आला आणि मागून अशी धार सुटली म्हणून सांगू! आधी पेपर भिजला, मग आजोबा, मग ओट्यावरचे पोहे. मी भोकावर तळवा दाबला, तर पाणी चहूबाजूंनी उडायला लागलं.

"आजोबा, मेन कॉक कुठाय?"

"ते मला विचारताय? प्लंबर आपण आहात ना?"

"संडासात बघा, वरच्या बाजूला!"

आजोबा धावले. आतून आवाज आला, "इथे दोन आहेत!"

"दोन्ही बंद करा! उजवीकडे फिरवा!"

"कोणाच्या उजवीकडे? माझ्या की तुमच्या?"

"तुमच्या हो, तुमच्या!"

एकदाचं पाणी थांबलं. मला रडू कोसळलं होतं, पण चेहरा आधीच ओला, त्यामुळे कळलं नसावं. मी नव्या नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळली, तो बसवला, दोन्ही कॉक उघडले. आजोबा नळाखाली बोट धरून बराच वेळ उभे राहिले. बोट कोरडं होतं.

"तुमच्या साहेबांना फोन लावा," ते म्हणाले.

"आजोबा, मी सगळं पुसून देते, नवे पोहे करून देते. पण तक्रार नका करू हो. मला भांडी घासायला जावं लागेल."

"फोन."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नळ थेंबभरही गळत नाही," आजोबा म्हणाले. "पुढच्या वेळीही हीच मुलगी पाठवा."

"इतकं आवडलं काम, काका?"

"आवडण्याचा प्रश्न नाही. हिचं राहिलेलं शिक्षण आज माझ्या घरी पूर्ण झालंय. दुसरा कोणी नवा आला तर पुन्हा आंघोळ करायला मला वेळ नाही."

मला इतका आनंद झाला, की फरशी पुसता पुसता मी एकटीच हसत होते. पोहे मात्र त्यांनी करू दिले नाहीत. "एका दिवसात एकच प्रयोग," म्हणाले.

घरी पोचले तेव्हा ड्रेस अजून दमट होता. "कामाला गेली होतीस की नदीवर?" आईने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग माझ्यासमोरच तिने ताईंना फोन लावला.

"ताई, माझी मुलगी भांड्यांना नाही येणार. हो, आता पक्कं. तुमचा नळबिळ गळला तर सांगा, तेव्हा येईल ती. आणि ताई, तुमचा मेन कॉक कुठाय ते आधी बघून ठेवा."