पाहुण्यांपासून लपवायची हनुवटी

गेल्या रविवारी सिंदी मेघेला भावाकडे मुलगी बघायचा कार्यक्रम होता. मुलगी म्हणजे माझी भाची, नेहा. सकाळीच वहिनीचा फोन आला... "ताई, तुम्ही पाहुणे गेल्यावरच येजा."

मला वाटलं, खुर्च्या कमी पडत असतील. भोळीच मी.

अडचण माझ्या हनुवटीची होती. आमच्या घराण्यात खालचा जबडा पुढे येतो... माझा आहे, नेहाचाही होता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सगळ्या मुलींना 'चिन अप' म्हणायच्या, मला कधी म्हणाल्या नाहीत. गरजच नव्हती.

नेहाचे खालचे दात वरच्यांच्या पुढे यायचे. पुढच्या दातांनी पोळीसुद्धा तुटायची नाही, चावताना कानापाशी दुखायचं. म्हणून तिने सावंगीच्या दवाखान्यात जबड्याचं ऑपरेशन करून घेतलं. आधी कितीतरी महिने दातांना तारा, मग वरचा जबडा पुढे, खालचा मागे, आत प्लेटा... आणि नंतर कित्येक आठवडे नुसतं वरणाचं पाणी.

सूज उतरली तसा बाजूने चेहरा बदललेला दिसू लागला. हनुवटी मागे गेली, वरचा ओठ भरला, नाकसुद्धा वेगळं वाटायला लागलं. तेव्हापासून घरात कोणी तिच्या दातांची चौकशी केली नाही.

वहिनी बायोडाटाला नेहमी समोरून काढलेला फोटो लावायची, आता मुद्दाम बाजूने काढून घेतला. भिंतीवरचे जुने फोटो उतरले. वहिनीची बहीण तर म्हणाली, "बरं झालं बाप्पा, आत्याचं तोंड गेलं एकदाचं." मी तिथेच चहा पीत बसले होते...

तर वहिनीनंतर थोड्याच वेळात नेहाचा फोन. "आत्या, तू आत्ताच ये. तू नाई आली तर मी बाहेर येतच नाई."

गेले. कडक इस्त्रीची साडी नेसून, पाहुण्यांना बाजूने नीट दिसेन अशी खुर्ची बघून बसले. वहिनीचा चेहरा पोह्यांपेक्षा पिवळा.

मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग नेहाकडे, मग परत माझ्याकडे. नेहाने पोह्यांचा ट्रे ठेवला आणि सांगितलं, "ही माझी आत्या. ऑपरेशनच्या आधी मी अशीच दिसत होती."

चमचे थांबले. बाईंनी वहिनीकडे झुकून हळूच विचारलं, "मंग लेकरं कोणावर जातीन?"

"आत्यावर," नेहा म्हणाली. "चालते का?"

बाईंना एकदम घरची कामं आठवली. मुलगा आईच्या मागे निघाला... पोहे तसेच.

भाऊ मला म्हणतो, "ताई, तुले तरी समजाले पाहिजे होतं." मला. ह्याच तोंडाच्या बहिणीकडून आजवर राखी बांधून घेतली त्याने. वहिनी तर अजून बोलत नाही, आणि मला त्याची घाई नाही.

पाहुण्यांसाठी आणलेले पेरू टेबलावर राहिले होते. नेहाने एक उचलला आणि सुरी न घेता पुढच्या दातांनी कचकन चावा घेतला. डोळे मिटून खात होती... ऑपरेशन कशासाठी केलं होतं, ते त्या घरात आम्हा दोघींनाच आठवत होतं.

मला मात्र पेरू अजून तसा चावता येत नाही. तिने दुसरा घेतला, न विचारता बारीक फोडी केल्या, आणि बशी माझ्यासमोर ठेवली.