सेम्बावांगच्या शाळेतली जागा

मुलीच्या परीक्षेचा निकाल ईमेलने आला, तेव्हा मी पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. परदेशी मुलांना सिंगापूरच्या सरकारी शाळेत जायचं तर आधी इंग्रजी आणि गणिताची परीक्षा द्यावी लागते. पास झालं तरी, जिथे जागा उरली असेल तिथेच प्रवेश मिळतो. ईमेलमध्ये एवढंच होतं, की प्रवेश देता येत नाही. का, ते लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी गेलो. मुलगी नऊ वर्षांची. पुण्याहून येऊन चार महिने ती घरीच अभ्यास करत होती.

"मी नापास झाले का?" तिने विचारलं.

"नाही. जागा नव्हती," मी म्हणालो. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं.

खासगी शाळेची फी आम्हाला झेपणारी नव्हती. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तिला अजून घरी नाही बसवता येणार. आम्ही परत जातो. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊ." जानेवारीत त्या दोघी गेल्या. मी फ्लॅट सोडला आणि सेम्बावांगला एका बाईंच्या घरात एक खोली भाड्याने घेतली.

बाई सत्तरी ओलांडलेल्या, चिनी वंशाच्या निवृत्त शिक्षिका. नवरा वारलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. मी त्यांना आंटी म्हणायचो. पहिले दोन-तीन महिने आमचं बोलणं गॅस बंद केला का, कपडे आत घेतले का, एवढंच असे. इमारतीच्या मागे प्राथमिक शाळा होती. सकाळी मुलं राष्ट्रगीत म्हणायची, ते माझ्या खिडकीत ऐकू यायचं. ते संपेपर्यंत मी निघत नसे. मग मेट्रोने सेम्बावांग ते बिशान, तिथे गाडी बदलून पाया लेबार. दिवसभर माणसांत असायचो, पण शनिवार-रविवारी कधी कधी पूर्ण दिवस माझ्या तोंडून एकही मराठी शब्द निघत नसे. पुण्याला फोन लावला, तर मुलगी खेळायला गेलेली असायची.

एका शनिवारी मी जेवणाच्या टेबलावर मुलीसाठी विकत घेतलेलं गणिताचं पुस्तक उघडून बसलो होतो. इथे शाब्दिक उदाहरणं कागदावर आडव्या पट्ट्या काढून सोडवतात, ती रीत मला फोनवर समजावता येत नव्हती. आंटींनी मागून पाहिलं.

"कुणासाठी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली. "मी गणितच शिकवायचे. लाव फोन."

त्या दिवसापासून दर शनिवारी त्या फोनसमोर कागद धरून मुलीला शिकवू लागल्या. मुलीला त्या आवडायच्या. पण एकदा आंटींनी 'थ्री'चा उच्चार 'ट्री' केला आणि मुलगी खुदकन हसली. मी ओशाळलो. आंटींनी उदाहरण पुरं केलं, फोन बंद केला आणि म्हणाल्या, "तिला रागावू नकोस. माझ्या वर्गातही हसायचे."

मग त्या बोलत राहिल्या. त्या चिनी माध्यमात शिकल्या आणि चिनी माध्यमाच्याच शाळेत शिक्षिका झाल्या. पुढे आईबाप मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागले. चिनी शाळांचे वर्ग रिकामे होत गेले, आणि शेवटी सरकारने सगळ्याच शाळा इंग्रजी माध्यमाच्या केल्या. आंटी तेव्हा चाळिशीच्या. दिवसा शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर स्वतः इंग्रजीच्या वर्गाला जाऊन बसायच्या. "वीस वर्षं जे गणित मी शिकवत होते, तेच मला बोलता येईना," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून ऐकायचे. घरी येऊन मी नवऱ्याशीसुद्धा बोलत नसे."

त्याच सुमारास माध्यमिक शाळांत मुलांची वाटणी सुरू झाली. हुशार मुलं एक्स्प्रेसमध्ये, मागे पडलेली नॉर्मलमध्ये. आंटींना नॉर्मलचे वर्ग मिळाले. "इंग्रजी कच्चं असलेली बाई, कच्च्या मुलांना," त्या म्हणाल्या. "निवृत्त होईपर्यंत तेच वर्ग."

त्या वर्षी मुलगी आईबरोबर आठवडाभर येऊन परीक्षा देऊन गेली. डिसेंबरात ईमेल आला. जागा मिळाली होती, सेम्बावांगमध्येच, घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन तो मजकूर तीनदा वाचला. घरी येऊन फॉर्म भरायला बसलो. शाळेत शिकायच्या मातृभाषेच्या रकान्यात हिंदी होती, तमिळ होती, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू होती. मराठी नव्हती. मी थांबलेलं पाहून आंटी म्हणाल्या, "हिंदी लिही. आम्ही घरी तेओच्यू ही चिनी बोली बोलायचो. शाळेने सांगितलं, मँडरिन तुमची मातृभाषा. मी तीच शिकले, मुलालाही तीच शिकवली. माझा मुलगा आजीशी कधी बोलूच शकला नाही."

मी हिंदी लिहिलं आणि पुण्याला फोन लावला. बायको ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिच्याशीच बोल."

मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे मला एक वर्ष खाली बसवणार ना?"

"हो. पण एकच वर्ष."

"माझ्या मैत्रिणी इथे आहेत. आईला नोकरी लागलीय. मी नाही येणार." मग तिनेच विचारलं, "तू रागावलास?"

"नाही," मी म्हणालो. तिच्या आवाजात रडू नव्हतं. तिने आधीच ठरवलं होतं, आणि तिच्या आईलाही ते माहीत होतं. मला ते सगळ्यात शेवटी कळलं.

जागा नको असल्याचं पत्र मीच लिहिलं. आंटींना सांगितलं तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही. पुढच्या शनिवारी सवयीने त्या कागद-पेन्सिल घेऊन टेबलाशी आल्या, थोडा वेळ बसल्या आणि उठून आत गेल्या.

नोकरी चांगली होती, म्हणून मी राहिलो. २०१९मध्ये एका सकाळी आंटी चिनी वर्तमानपत्र घेऊन माझ्या दाराशी आल्या. एक्स्प्रेस आणि नॉर्मल ही वाटणी काही वर्षांत बंद करणार, अशी बातमी होती.

"चांगलंच झालं," मी म्हणालो.

"चांगलंच," त्या म्हणाल्या. "माझी पहिली मुलं आता पन्नाशीची असतील. एक जण टॅक्सी चालवतो. मला भेटला की अजून म्हणतो, टीचर, मी नॉर्मलवाला." त्यांनी पेपराची घडी केली, पुन्हा उघडली. "त्याला हे कळवायचं, तर नंबर माझ्याकडे नाही."

त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो. आम्ही चहा प्यायलो.

त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने मला पुण्याला बदली दिली. घरी सगळे माझी वाट पाहत होते, असंच मला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पहिल्या रविवारी मुलीच्या टेबलाशी खुर्ची ओढून मी विचारलं, "गणितात काही अडलंय का?"

ती सातवीत होती. तिने वही जरा आपल्याकडे ओढली. "नाही बाबा. अडलं तर मी क्लासच्या सरांना विचारते."

ती लिहीत राहिली. मग खुर्ची जागेवर ठेवून मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो.