निरभ्र दिवसांच्या कॅसेटी

युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षी मला भूगोल विभागात एक काम मिळालं. न्यूझीलंडच्या डोंगरात एका उतारासमोर कॅमेरा बसवला होता. तो दर काही मिनिटांनी एक चित्र घेई. त्या चित्रांच्या व्हिडिओ कॅसेटी सिंगापूरला येत. त्या पाहून कोणत्या दिवशी हिमस्खलन झालं, ते मी वहीत नोंदवायचं. वही नीट झाली तर हिवाळ्यात प्रोफेसरबाई मला त्या डोंगरावर नेणार होत्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा सेम्बावांगच्या गोदीत कामाला होते. मी डोंगरावर जाणार, ही बातमी त्यांनी आमच्या अख्ख्या इमारतीला सांगून टाकली होती.

कॅसेटींसोबत हवामानाचा कागद असे. हिमवर्षावाच्या दिवसाची कॅसेट मी डोळे ताणून पाही. आकाश निरभ्र असलं की न पाहताच शून्य लिही. सिंगापूरमध्ये वाढलेल्या मला वाईट हवामान म्हणजे वरून काहीतरी पडणं, एवढंच ठाऊक. ती लबाडी आहे असं तेव्हा वाटलं नाही. निदान मी स्वतःला तसं विचारलं नाही.

एका रविवारी जेवताना मी वहीत कसं लिहिते ते सांगत होते, तेव्हा बाबांनी विचारलं, "आणि वाऱ्याचं काय लिहितेस?"

"वाऱ्याचं काय लिहायचं? बर्फच पडला नाही तर घसरणार काय?"

"हे कॉलेजात शिकवतात?" बाबा आईकडे बघून हसले. "अगं, गंज काढायला आम्ही जहाजाच्या पत्र्यावर ग्रिटची खरखरीत भुकटी मारतो. वारा असला की ती सगळी भुकटी उडून पलीकडे आडोशाला साठते. वरून कोणी टाकत नाही. परवा तिथला ढीग आपोआप घसरला. एकाचा पाय गुडघ्यापर्यंत आत."

"बाबा, ती भुकटी आहे."

"आणि तुझा बर्फ काय दगड आहे?"

"जेवू द्या तिला," आई म्हणाली.

सोमवारी मी निरभ्र दिवसांच्या कॅसेटी काढल्या. निळ्याशार आकाशाखाली कड्यावरून धुरासारखा बर्फ उडत होता, आणि आडोशाचा उतार हळूहळू फुगत होता. मग एका चित्रात उतार अखंड. पुढच्याच चित्रात वर आडवी चीर आणि पायथ्याशी ढिगारा. मधला क्षण कॅमेऱ्यालाही सापडला नव्हता. मी पुन्हा पुन्हा मागे-पुढे करत राहिले. वहीत त्या दिवसापुढे माझ्या अक्षरात शून्य होतं. पुढच्या कॅसेटीतही तसंच.

वही पेन्सिलीने लिहिलेली होती. मी खोडरबर हातात घेतलं, ठेवलं, पाणी प्यायला गेले, परत येऊन पुन्हा घेतलं. शेवटी वही तशीच घेऊन बाईंकडे गेले.

"ही शून्यं पाहून लिहिलीस?" त्यांनी विचारलं.

"न पाहता."

त्या थोडा वेळ पानं उलटत राहिल्या. "मग हिवाळ्यात मी तुला नेऊ शकत नाही. तिथे एकाने 'पाहिलंय' म्हटलं की बाकीचे त्या उताराखालून चालत जातात." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "कॅसेटी मात्र तूच पुन्हा पाहा. सगळ्या."

घरी मी बाबांना सगळं सांगितलं.

"मी त्या दिवशी बोललो नसतो तर?" त्यांनी विचारलं.

"तर डोंगरावर गेले असते."

ते बूट काढत होते. दुसरा बूट काढायला त्यांना बराच वेळ लागला. "बरं झालं बोललो," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.