बादशाच्या शेपटीचे केस

कप खाली ठेवा आधी, न्हाईतर चहा नाकातून यील. माझी बेइज्जती दुसऱ्या कुणी केली असती तर त्याला मी सोडला नसता. पन ही मी माझ्याच हातानं केली, मग कुनाला धरू?

माझा वळू तुम्हाला ठाऊक हाय. बादशा. देवणी जातीचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, वशिंड असं की बघत राहावं. उदगीर सोडा, पार रेणापूरचे लोक गाई गाभण करवायला माझ्या दारात आणायचे. अन् माझीच चंद्री गाय व्याली, तर गोऱ्हं निघालं पांढरंफेक. एक ठिपका न्हाई.

शेजारच्या दिगंबरकडं पांढरा वळू. त्यानं पारावर बसून सुरू केलं, "बालाजीरावचा बादशा नुसता नावाला हाय. काम तर आमचा वळू करून राहिला, कुंपण ओलांडून."

झालं. महिनाभर एक गाय दारात आली न्हाई. मी दिगंबरची गचांडी धरली, तर किशनतात्या मधी पडले. गावातलं जुनं माणूस, त्यांचं ऐकावं लागतं. म्हनले, "बाला, मारामारीनं बाप ठरत न्हाई. लातूरला एक मॅडम जनावरांचा डीएनए तपासतात. तिकडं जा."

मॅडमनी फोनवर सांगितलं, गोऱ्हं, आई अन् बाप, तिघांच्या शेपटीचे केस मुळासकट उपटा, तीन पाकिटांत घाला, नावं लिहा, आणून द्या.

चंद्री गप उभी राहिली. गोऱ्हं पन. बादशाच्या मागं गेलो, तर त्यानं फक्त मान वळवून बघितलं. मारलं न्हाई, फुसफुसला न्हाई. नुसतं बघितलं. मी दोन पावलं मागं सरलो.

बाजूला त्याची आई, म्हातारी कपिली, डोळे मिटून रवंथ करून राहिली होती. म्हनलं, आईचंच रक्त लेकराच्या अंगात असतंय. हिचे केस काय अन् त्याचे काय. बिचारीनं डोळासुद्धा उघडला न्हाई. पाकिटावर लिहिलं, बादशा.

निकालाच्या दिवशी दिगंबरला अन् तात्यांना मुद्दाम जीपमधी घालून नेलं. दिगंबरची जिरवायची, तर ती चारचौघांत जिरवावी का न्हाई?

मॅडमनी कम्प्युटर आमच्याकडं फिरवला. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात, तेवढी शाळा झालेली हाय. बघतो तर सीए, सीए, सीए, सीए. ओळ संपली तरी तेच.

माझं टाळकं सरकलं. "ओ मॅडम, बटनावर कोपर ठेवून झोपलं होतं का कुणी?"

मॅडम दिगंबरच्या पोरीएवढ्या असतील, पन घाबरल्या न्हाईत. "काका, डीएनए असाच असतो. बऱ्याच जागी तेच तेच परत येतं. आधी मोठे शिकलेले लोकही याला कचरा म्हणायचे."

"मग कचरा दाखवायला बोलवलं काय आमाला?"

"त्याच कचऱ्यात बाप सापडतो. तुम्ही आल्यापासून 'माझा बादशा' किती वेळा म्हणालात?"

"सतरा," दिगंबर म्हनला. बेनं मोजत बसलं होतं.

"हे टोपीवाले काका म्हणतील पाच वेळा. शब्द तेच, पण किती वेळा आले ते मोजलं की माणूस ओळखू येतो. जनावरातही तसंच. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून."

"मग मोजा की. माझ्या बादशाचाच आकडा निघंल."

"अठरा," दिगंबर.

मॅडमनी कागद बघितला. "आईचा आकडा सगळीकडे बरोबर आहे. बादशाचा काही जागी जुळतो, काही जागी नाही. या पाकिटातलं जनावर बाप नाही."

दिगंबरनं मांडीवर थाप मारली. मी उठलो, खुर्ची तिकडं पडली. "खोटा हाय तुमचा कागद. फाडून टाकतो."

"फाडा काका, पण आधी ऐका. याहून मोठी अडचण आहे. तुमचा बादशा मादी आहे."

तात्यांनी टोपी काढली अन् परत घातली.

दिगंबर हळूच म्हनला, "मग दूध किती देतो, बालाजीराव?"

आता माझी जागा घ्या अन् सांगा काय केलं असतं. गप बसलो, तर सांजेपर्यंत बादशा गाय झालाय हे गावभर होणार, मग दारात कोन गाय आणणार? बोललो, तर इज्जत जाणार माझी. माझा आवाज ऐकून लोक वाट बदलायचे हो.

"ते केस कपिलीचे हायत," म्हनलो.

तात्या म्हनले, "कामून?"

"बादशाच्या मागं जायचं भ्या वाटलं."

"मोठ्यानं बोल, ऐकू न्हाई आलं," तात्या म्हनले. लई चांगलं ऐकू येतंय म्हाताऱ्याला.

दुसऱ्या खेपेला दिगंबर म्हनला, मीच उपटतो, तुझा भरोसा न्हाई. गेला, बादशाची मान खाजवली, शेपूट धरलं अन् केस उपटले. बादशा कडबा खात उभा. पंधरा दिवसांनी निकाल आला, बाप बादशाच. रंगावरून काही ठरत न्हाई म्हने. गाई परत येऊन राहिल्या, वळूचं नाव झालं.

माझं काय झालं? परवा पारावर मी एकाला शिव्या घालून राहिलो होतो. पहिलं असतं तर पार रिकामा झाला असता. कुणी हाललं न्हाई. दिगंबर बिडी पेटवत म्हनला, "बालाजीराव, जरा दमानं. का बादशाला बोलवू?"

अन् तुमच्यापासून काय लपवायचं, मी गप खाली बसलो.