शनिवारी चारला तिघं येतील

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, खराडीला. ‘सगळं व्यवस्थित चालतंय’ असं चारचौघांना वाटत असताना त्यात काय बिघडलंय ते शोधायचं आणि सगळ्यांचा मूड घालवायचा, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे भूतबीत, संकेत, ‘मला आधीच जाणवलं होतं’ वगैरे कुणी सुरू केलं की माझा पहिला प्रश्न असतो... पुन्हा करून दाखवता येईल का? या सदरातले असले अनुभव मी आवडीने वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाला एक साधं कारण चिकटवून झोपते. हा एक अनुभव मात्र माझा स्वतःचा आहे आणि त्याला कुठलंच कारण चिकटत नाहीये. दीड वर्ष झालं, प्रयत्न चालू आहे.

माझं माहेर कोथरूडचं, सासर मांजरीचं. हडपसरच्या पुढची मांजरी. जिथे पूर्वी सासरच्यांचा ऊस होता, तिथे आता एक सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. घरात तिघं. मी, नवरा महेश आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे.

आत्याबाई गेल्या आणि बापलेकांचं बोलणं बंद झालं. कारण साधं होतं आणि भयंकर होतं. त्यांचं तिसरं ऑपरेशन ठरलेलं असताना मामांनी आदल्या दिवशी हट्टाने त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. आठ दिवसांत सगळं संपलं. महेशने तेराव्यानंतर एकदाच विचारलं, ‘‘अप्पा, का आणलंत तिला?’’ मामा गप्प. महेशने त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि तोही गप्प झाला.

त्यानंतरचे चौदा महिने मी घरातली पोस्टमन होते. एकाच टेबलावर समोरासमोर जेवायला बसून एक म्हणणार, ‘‘त्याला सांग, गीझर चालू ऱ्हायलाय,’’ आणि दुसरा म्हणणार, ‘‘त्यांना सांग, बंद केलाय.’’ सुरुवातीला मी खरंच सांगायचे. नंतर नुसती मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवायचे. आठवड्याभरात मानही दुखायला लागली.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका रविवारी मामांनी सासवडच्या पुढच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून माझ्यासमोर ठेवला. ‘‘त्याला सांग, येत्या एक तारखेपास्नं मी तिकडं चाललो.’’

महेश तिथेच उभा होता. ‘‘त्यांना सांग, त्यांची मर्जी.’’ एवढं बोलून तो बाल्कनीत गेला आणि एकाच कुंडीला पाव तास पाणी घालत बसला. तुळस पोहायला लागली बिचारी.

त्या दिवशी मी ठरवलं की आता आपल्याच्याने होत नाही, कुणीतरी शिकलेलं माणूस पाहिजे. पुण्यात काय मिळत नाही! पण समुपदेशक शोधायला लागलात की कळतं. एकांकडे तीन महिने थांबायला सांगितलं. एका ॲपवर माझी सगळी कहाणी टाइप केल्यावर उत्तर आलं, ‘तुमच्या भावना समजल्या, दीर्घ श्वास घ्या.’ एक बाई फोनवरच म्हणाल्या, घराचं दार कुठल्या दिशेला आहे? आणि हडपसरमधली दोन चांगली नावं मी स्वतःच खोडली, कारण तिथल्या वेटिंग रूममध्ये कुणीतरी पाहुणा बसलेला असणार आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीत बातमी पोचणार. दवाखान्यात दिसलं तर लोक काळजी करतात, इथे दिसलं तर गोष्ट करतात.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने शनिवार पेठेतला एक नंबर दिला. प्रतिभाताई. एकट्याच बघतात, हाताखाली कुणी नाही, फोनही स्वतः उचलतात. मी लगेच फोन लावला आणि नाव माहेरचं सांगितलं. उगाच कशाला!

‘‘शनिवारी चारला या,’’ ताई म्हणाल्या.

‘‘नवरा आणि सासऱ्यांसाठीही वेळ मिळेल का? मी कसंतरी आणते त्यांना...’’

‘‘नाही. दुसऱ्याच्या वतीने मी वेळ देत नाही, हा माझा नियम आहे. ज्याला यायचंय तो फोन करेल.’’ एवढं बोलून ठेवलाच फोन. अस्सल पेठेतल्या.

शनिवारी मी घरी सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. महेश म्हणाला, तोही गाडीचे टायर बघायला जाणार आहे. मामांनी ‘‘कंपनीतल्या जुन्या कामगारांची बैठक हाय’’ असं जाहीर केलं आणि सगळ्यात आधी टोपी घालून बाहेर पडले. मला काहीही संशय आला नाही. टेस्टर म्हणे!

घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरचा दुसरा मजला. मी दहा मिनिटं आधी पोचले. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘समुपदेशन’. थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या. थांबत, दम घेत... आणि दारात मामा.

‘‘तू?’’

‘‘मामा, तुम्ही?’’

‘‘बैठक,’’ मामा म्हणाले.

‘‘दात,’’ मी म्हणाले.

दोघांनीही एकदा भिंतीकडे बघितलं आणि मामा निमूटपणे माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले. आम्ही आपापल्या चपलांकडे बघत होतो तेवढ्यात महेश आत आला. हसावं की पळावं मला कळेना. तो मात्र पळायच्याच बेतात होता, वळलासुद्धा. पण आतून साठीच्या, उंच, केस बारीक कापलेल्या एक बाई आल्या, त्याला ओलांडून दाराशी गेल्या आणि त्यांनी शांतपणे आतून कडी लावली.

‘‘आलात का तिघं? बसा. आईंनी सांगितलंच होतं की एक जण परत फिरेल.’’

‘‘कुठल्या आईंनी?’’ महेशने विचारलं.

आता गोंधळायची पाळी ताईंची होती. त्या आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. फोनवर माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, ही त्यांची जुनी सवय. सोमवारचं पान उघडून त्यांनी चष्मा लावला आणि आपल्या स्वच्छ पेठी आवाजात वाचलं...

‘‘पोरी, माझ्या घरची तिघं तुला फोन करतील. सून माहेरचं नाव सांगंल. पोरगा म्हणंल, मित्रासाठी इचारतोय. म्हातारा आधी जिने किती ते इचारंल. तिघांला एकच टाईम दे, शनिवारी चार. येगळा दिलास तर तिघंबी तुलाच शाणपण शिकवून जातील. आन् एक जण दारातनंच परत फिरंल, त्येला आडव.’’

माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, त्याच वेळी हसूही आलं. कारण महेशचा चेहरा सांगत होता की त्याने खरोखर मित्राचं नाव पुढे केलं होतं. मामा तर म्हणालेच, ‘‘मग? जिने इचारायला नगं का? गुडघं हायेत माझं.’’

‘‘मी माझा नियम सांगितला त्यांना,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तर म्हणाल्या, तुझा नियम मोडू नगंस, फोन त्येच करतील. आणि झालंही तसंच. मंगळवारी तुम्ही, बुधवारी हे, गुरुवारी आजोबा. मला वाटलं, घरातलं मोठं माणूस आहे, सगळ्यांना ओळखून आहे. शिवाय मला पोरी म्हणाल्या हो. एकसष्ट वर्षांची आहे मी. गेल्या कित्येक वर्षांत कुणी पोरी म्हटलेलं नाही.’’

महेशला हा नंबर त्याच्या मित्राने बुधवारी दिला होता. मामांना हास्यक्लबातल्या कुणी गुरुवारी. सोमवारी आमच्यापैकी एकालाही ही बाई, ही इमारत, हा नंबर माहीत नव्हता. कुणीच कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे सांगायची सोयच कुठे होती!

‘‘नाव काय सांगितलं त्यांनी?’’ महेशने विचारलं.

‘‘विचारलं मी. म्हणाल्या, नाव कशाला, ती वळखतील.’’

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘‘अजून काय म्हणाली?’’

‘‘एकच वाक्य आहे आणि मला त्याचा अर्थ लागलेला नाही.’’ ताईंनी पान उलटलं. ‘‘म्हाताऱ्याला सांग, शपथ सुटली.’’

मामा रडले. तेव्हा माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आत्याबाई गेल्या त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, नुसती टोपी घट्ट धरून.

शपथ सुटली हे लहानपणी आपण सगळ्यांनीच खेळता खेळता म्हटलेलं असतं. ज्याने शपथ घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही. आपण मोठे झालो की ते विसरतो. मामांच्या लेखी तो खेळ नव्हता. आणि शपथ घालणारं माणूसच गेलं, की मग ती सोडवायला कोण येणार?

‘‘तीच म्हणली मला, घरी न्या,’’ मामा महेशकडे बघून बोलायला लागले. थेट त्याच्याकडे बघून. ‘‘म्हणली, दमले मी, आता चिरफाड नगं. पण पोराला सांगू नका मी नगं म्हणले. त्येला वाटंल, आईच सोडून जायला तयार झाली. तुमाला माझी शपथ हाय. मग मी काय करू? बोलता येईना, आन् तुझं तोंड बघवंना. म्हणून चाललो होतो आश्रमात.’’

त्या शपथेबद्दल जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसलं होतं.

महेश मामांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला. मग म्हणाला, ‘‘अप्पा, चौदा महिने मी तुम्हाला काय काय समजत होतो... निदान खुणेने तरी सांगायचं!’’

‘‘खुणेनं कसं सांगतात असलं?’’

‘‘मग लिहून ठेवायचं!’’

‘‘म्हंजे शपथ मोडलीच की रं!’’

‘‘तुमचं ना, नेहमीचं आहे...’’

‘‘आन् तुझं? तू तरी दुसऱ्यांदा इचारलंस का?’’

दोघंही रडत होते आणि तावातावाने भांडत होते, आणि मला मधे घालत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी ताईंचा हातच धरला. ताई म्हणाल्या, ‘‘यांनी मला आज काही कामच ठेवलेलं नाही.’’

तसं ते खरं नव्हतं. आम्ही पुढे बरेच महिने त्यांच्याकडे गेलो, कधी एकेकटे, कधी तिघं, आणि आता घरी खरं सांगून. शपथ सुटली तरी सवयी लगेच सुटत नाहीत. महेशला रागाखाली दुःख आहे हे कळायला वेळ लागला. मला कळलं की पोस्टमन होण्यात माझाही थोडा मोठेपणा होता. एक तारीख आली आणि गेली, मामा घरीच आहेत. त्यांचा टीव्हीचा आवाज आणि महेशचं त्यावर ओरडणं आता अख्ख्या मजल्याला पाठ आहे.

राहिला तो फोन. ताईंचा फोन जुना, साधा, नंबर न दाखवणारा, तेव्हा तो मार्ग बंद. महेशला आधी वाटलं, मीच आवाज बदलून फोन केला. माझ्या कोथरुडी ‘हाय’ आणि ‘न्हाय’चं प्रात्यक्षिक ऐकल्यावर त्याने तो आरोप मागे घेतला. मी मामांच्या बहिणीवर संशय घेतला, पण त्यांना शपथेचं काहीच ठाऊक नव्हतं. ताईंनीच सगळं रचलं म्हणावं, तर शपथेचं त्यांना सांगणार कोण? आणि आम्ही तिघं कुठल्या वारी फोन करू, काय खोटं बोलू, हे सोमवारीच ठरवून ठेवणार कोण? मी प्रत्येक शक्यता तपासली आणि प्रत्येक ठिकाणी अडकले. ऑफिसात अशा वेळी आम्ही ‘कारण सापडलं नाही’ असा शेरा मारून पुढे जातो. इथेही तोच शेरा आहे.

मामांना मात्र स्पष्टीकरण नकोच आहे. त्यांच्या मते त्यात न समजण्यासारखं काहीच नाही. परवा सकाळी चहा घेताना मी त्यांना पुन्हा छेडलं, ‘‘मामा, खरंच आत्याबाईच असतील का हो?’’

‘‘मग दुसरं कोण? येवढ्या अधिकारानं आमची अक्कल काढणारी तीच एक.’’ मग जरा वेळ बशीतला चहा फुंकत बसले. ‘‘मला एकच वाईट वाटतं बघ. केला तर केला, त्या परक्या बाईला केला फोन. मला न्हाय केला.’’

मग मी हळूच विचारलं, ‘‘तुम्ही उचलला असता का?’’

मामांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

‘‘न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘अनोळखी नंबर मी उचलतच न्हाय.’’ आणि स्वतःच इतके हसले, इतके हसले, की आतून महेश दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला आणि थेट त्यांनाच विचारायला लागला, ‘‘अप्पा, काय झालं?’’