दारातल्या चपला

संध्याकाळी मुलांना शोधायला मी हाका मारत नाही, चपला बघते. आमच्या गल्लीत सगळेच चपला उंबऱ्याबाहेर काढतात. आज मालूकाकूंच्या दारात धाकटीची गुलाबी चप्पल होती, एक सुलटी, एक उलटी, आणि शेजारी थोरल्याचे झिजलेले सँडल. म्हणजे दोघं आत होती.

यांची पुण्याला बदली होतेय. होकार द्यायचा की नकार, ते उद्या कळवायचंय. "तूच ठरव," म्हणून हे मोकळे झाले. दुपारी नणंदेचा फोन आला, "वहिनी, मुलांच्या भविष्याचा विचार कर." जणू आजवर मी फक्त भाजीचाच विचार करत आले. तिनेच तिथल्या सोसायटीचा व्हिडिओ पाठवला. पोहायचा तलाव, घसरगुंडी आणि लिफ्टशेजारी पाटी, 'चपला दाराबाहेर ठेवू नयेत.' मजल्यावर आठ दारं, आठही बंद. मूल कुठल्या दाराआड आहे, हे आईला कळावं कसं?

तिथली शाळा मोठी असेल, मान्य. पण दुसऱ्याच्या घरी हक्काने ताट मागायला कुठली शाळा शिकवते? उद्या मुलं मला बोल लावतील. लावू देत.

"जेवल्याशिवाय सोडणार नाही त्यांना," काकू आतून म्हणाल्या, "तूही ये."

मी चपला काढल्या, मुलांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि पायरीवरूनच यांना फोन लावला.

"अहो, नाही म्हणून कळवा. आणि येताना सरळ घरी जाऊ नका, आमच्या चपला कुठे दिसतात ते बघा."