पाऊल न वाजणारी महानंदा

वरणाची वाटी माझ्यासमोर होती. ती कुणी ठेवली, कधी ठेवली, मला कळलंच नव्हतं. मागे वळले तर महानंदा उभी. इतकी जवळ, की तिचा पदर माझ्या खुर्चीला लागला होता.

लातूरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मी हॉटेलात वाढायचं काम शिकवते. कोर्सच्या शेवटी नांदेडहून असेसर, म्हणजे बाहेरचा परीक्षक येतो. त्याने पास केलं तरच सर्टिफिकेट, आणि लातूरचं एक नवं हॉटेल सर्टिफिकेटवाल्यांनाच घेणार होतं. त्यासाठी आम्ही मॉक सर्व्हिस करायचो. निम्मे ट्रेनी गिऱ्हाईक होऊन बसायचे, निम्मे वाढायचे; महानंदा त्यांच्यातलीच.

भांडं वाजू नये, हा नियम माझाच. बाकीच्यांच्या हातून चमचे पडायचे. महानंदा स्टीलची ताटं एकावर एक रचायची आणि काहीच ऐकू यायचं नाही. एकदा मी मुद्दाम दाराकडे बघत बसले. क्षणभर नजर खाली गेली. वर पाहिलं तर ग्लास भरलेला.

बॅचमध्ये कुजबुज सुरू झाली. उदगीरची सुनीता तिच्या टेबलावर बसेना.

"मॅडम, मला दुसरं टेबल द्या. तिचा श्वास बी ऐकू येत न्हाई. पोरी तिचे पाय बघायल्यात."

"पाय कशाला?"

"सरळ हायत का उलटे, ते."

मी रागावले. पण त्या दुपारी माझीही नजर महानंदाच्या पायांकडे गेलीच.

मी तिला टाचेचे बूट दिले. तेही वाजले नाहीत. "वाढण्याआधी बोलत जा," असं सांगितलं. तिने गणेश नावाच्या ट्रेनीच्या कानामागून हळूच "पाणी देऊ?" म्हटलं. तो ओरडतच उठला आणि गरम रस्सा त्याच्या हातावर सांडला.

सेंटरचे मालक म्हणाले, "तिला काढा. असेसरसमोर असं झालं तर सगळी बॅच जाईल."

"मला उद्याचा दिवस द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी रेणापूरला तिच्या घरी गेले. घर गावाच्या टोकाला, शेजार नसलेलं. दाराच्या कडीला चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी हाक मारणार तोच महानंदाने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

भर दुपारी आत कसलाच आवाज नव्हता. पळी, झारा, पातेल्यांच्या कडा, सगळ्यांना फडकी बांधलेली. तिच्या दोन मुली जमिनीवर खेळत होत्या, नुसत्या हातवाऱ्यांनी. धाकटी हसली. तोंड उघडं, खांदे हलतायत, आवाज नाही.

चहा पिऊन मी कप खाली ठेवला. टक झालं. आतल्या खोलीत खाट थरथरायला लागली. तिघी मायलेकी जागच्या जागी थिजल्या. खाट थांबली, तेव्हा महानंदा मला अंगणाच्या पार टोकाला घेऊन गेली.

"माझे मालक हायत आत. ट्रॅक्टरवरून पडले, डोक्याला मार बसला. आवाज झाला की झटके येतेत. गोळ्या चालू हायत. मी सेंटरला आले की नणंद बसते."

"आणि पोरी? बोलत नाहीत?"

"बोलतेत की. शाळेत लई बोलतेत." मग म्हणाली, "मॅडम, मला काढू नका. आवाज करायचं म्हनलं तर हातच ऐकत न्हाईत."

परतीच्या एसटीत मला एवढंच सुचलं, की तिला वाजायला लावायचं नाही, दिसायला लावायचं. तिला विचारून मी बॅचला सगळं सांगितलं. सुनीता उठली आणि महानंदाच्या टेबलावर जाऊन बसली. सुनीतालाच वाढून आम्ही सराव केला. मागून यायचं नाही. समोरून यायचं, नजर मिळवायची, ताट दाखवायचं, मग बाजूला होऊन ठेवायचं.

असेसर स्वतः गिऱ्हाईक होऊन बसला. महानंदा समोरून आली. थांबली. त्याने वर पाहिल्यावरच तिने ताट ठेवलं. तो दचकला नाही. ती पास झाली.

हॉटेलात तिला दिवसाची ड्यूटी मिळाली. मध्यंतरी तिथल्या मॅनेजरचा फोन आला होता. "गिऱ्हाईक खूश आहेत. आमचा कुक तेवढा अजून दचकतो. शेगडीकडे तोंड केलेल्या माणसाच्या समोरून कसं येणार?"

काम दिसू नये, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले. आता पुढे एवढंच जोडते, की काम करणारं माणूस दिसलं पाहिजे.